काल दुखतंय

उठल्या उठल्या केतकी म्हणते, "हाल दे."
सासूबाई कपाळाला हात लावतात,
दिवस उगवायच्या आत हाल मागून घेते ही पोरगी,
शेजाराची संगत, दुसरं काय.
मी बोलत नाही.
दूध भांड्यात ओतते, फुंकर घालते, साय बाजूला करते.
हाल म्हणजे दूध, पलीकडच्या घरात.
आणि पलीकडचं घर म्हणजे मधे एक पत्रा,
पत्र्याला खाली एक भोक,
त्यातून मांजर जातं आणि केतकी जाते.

माझी पाळी सात ते तीन.
वडगावात माग सुरू झाले की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
आम्ही बायका ओठ बघून बोलतो.
कुठल्या भाषेतले ओठ, कधी मनातही आलं नाही.
तेवढा वेळ ती कल्लव्वाकडे.
कल्लव्वाची मराठी बाजारापुरती,
माझी कन्नड कल्लव्वापुरती,
मधल्या मधे ही वाढते आहे.

टिळकवाडीतले डॉक्टर म्हणाले, साडेतीन वर्षांची, आणि वाक्य धड नाही?
घरात एकच भाषा ठेवा.
चिठ्ठीवर लिहून दिलं, टॉनिकच्या खाली,
जेवणाआधी की जेवणानंतर, ते राहिलं.

माझा भाऊ येळ्ळूरचा,
एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधणारा.
त्याने तिला मांडीवर घेतलं. म्हण, पाणी.
ती म्हणाली, "नीर पाणी."
त्याने तिला खाली ठेवलं.
आपटलं नाही, ठेवलंच. पण मी बघत होते.
कल्लव्वाचा थोरला विरुपाक्ष तरी काय,
कन्नड शाळेत घाला म्हणतो, उद्या नोकरीला कुठे जाईल,
आणि स्वतःची दोन्ही पोरं कॉन्व्हेंटच्या रिक्षात.
पुण्याची नणंद मोबाईल पुढे धरून,
बोल ना गं, ते तुमचं मिक्स बोल ना.

मागच्या मंगळवारी केतकी उंबऱ्यात बसली.
"आई, काल दुखतंय."
मी म्हटलं, काल दुखलं, असं म्हणावं.
"काल दुखतंय."
काल होऊन गेला की नाही, राणी? मग दुखत होतं म्हणायचं.
रात्रभर कुरकुर. सकाळी तेच, रडून.
सासूबाईंनी मीठमोहरी उतरवून टाकली.
भाऊ पत्रिका द्यायला आलेला,
त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.
म्हणाला, खरं बोलली पोर,
आपल्या सगळ्यांचाच काल दुखतोय.
डोळे भरले त्याचे. खोटे नव्हते ते डोळे,
आमच्या आजोबांच्या पाठीवरचे वळ
आम्ही दोघांनी मोजलेत लहानपणी.

तेवढ्यात कल्लव्वा आली, पिठाच्या हातांनी,
आवाज ऐकून आली, बोलावली नव्हती कुणी.
पोरीचा पाय उचलून उजेडाकडे धरला.
"कालाग मुळ्ळ चुच्चैति," म्हणाली,
पदराची पिन काढली,
दोनदा टोचून बघितलं, तिसऱ्यांदा निघाला
बाभळीचा, अर्ध्या गव्हाएवढा.

काल म्हणजे पाय.
एवढंच होतं.
पायात काटा घेऊन पोरगी दोन दिवस
आणि मी तिचा काळ दुरुस्त करत बसलेले.

भावाने काटा तळहातावर घेतला,
कुठे टाकावा त्याला सुचेना,
शेवटी पत्रिकांच्या पिशवीत टाकला.
जाताना पत्र्यापाशी थांबला,
एक पत्रिका भोकातून आत सरकवली.
नाव घातलं नव्हतं.

बालवाडीचा कागद अजून फळीवर आहे,
मातृभाषा, आणि पुढे बोटभर रेघ.
आज निघताना केतकी अर्धी पलीकडे गेलेली,
दोन पाय तेवढे माझ्या घरात,
एकावर हळद.
तिकडून काहीतरी सांगत होती,
कल्लव्वाला की मला,
कळलं नाही, गल्लीतले माग सुरू झाले होते
आणि तिचे ओठ पलीकडे होते.